श्रम आणि श्रमाची फलश्रुती

श्रमाला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे आणि ती असावयासच हवी. परंतु घाम किती गळला एवढ्यावरून कामाचे मोल ठरत नाही. काम संपल्यावर गावाच्या पदरी काय उरले, हेही पाहावे लागते. हा भेद महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात प्रत्यक्ष अनुभवला.

मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. त्या मजुरीने असंख्य घरांतील चूल पेटती राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र अनेक ठिकाणी हाताला काम म्हणून केवळ खडी फोडली गेली. त्याच उन्हात, तितक्याच कष्टाने जेथे योग्य जागी पाझर तलाव, नालाबांध व बांधबंदिस्ती झाली, तेथे मजुरी मिळालीच, शिवाय पुढच्या पावसाचे पाणीही अडले.

उत्पादक कामाचा दंडक

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम उत्पादक असावे, हे त्याचे सूत्र होते. ज्यामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उत्पादन वाढेल, किंवा जे न झाल्यास उत्पादनवाढ खुंटेल, ते उत्पादक काम होय.

क्रम आणि शिस्त

उत्पादक कामही क्रम चुकल्यास वाया जाते. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. डोंगरउतार उघडा ठेवून आधी खाली तलाव बांधला, तर उतारावरची माती वाहून तळाशी साचते आणि पाझर मंदावतो. मग तोच गाळ पुनःपुन्हा उपसावा लागतो. कष्ट होतात, पण गाव जागच्या जागीच राहते. आधी उतारावर समपातळी चर व झाडोरा झाल्यास खालचा बांध दीर्घकाळ टिकतो.

अडविलेले पाणी राखणे हाही कामाचाच भाग आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतरच्या दशकात चर, बांध व वृक्षलागवड केली. त्याचबरोबर शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा नियम केला आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत घातली. हे बंधन नसते, तर अनेक वर्षांच्या श्रमाचे पाणी थोड्याच हंगामांत उपसले गेले असते.

ग्रामसभेपुढील प्रश्न

हजेरीपटावरून किती माणसे राबली ते कळते. मोजमाप पुस्तिकेवरून किती माती हलली ते कळते. विहिरीचे पाणी किती वाढले, हे या दोहोंतही सापडत नाही. म्हणून काम निवडतानाच ग्रामसभेने विचारावे: याचा लाभ कोणाला? याच्या वरच्या अंगाचे काम झाले आहे काय? देखभाल कोण करील? शाळेने पावसाळ्यापूर्वी व नंतर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजून फलकावर नोंदवावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी त्या त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहिल्या, म्हणजे कोणते श्रम फळाला आले आणि कोणते नुसतेच झाले, हे गावाला स्वतःच पडताळता येईल.