छत्री, दांडी आणि एलएनबी

१. गच्चीवरची टीव्हीची छत्री हे यंत्र नव्हेच, तो नुसता वाकवलेला पत्रा आहे, हे ध्यानात आलं तेव्हा मी थोडा खट्टू झालो. इतकी वर्षं सगळं श्रेय आणि सगळ्या शिव्या तिलाच. पण तिला वायर लागतच नाही कुठे! वायर निघते ती पुढच्या दांडीच्या टोकावरच्या मुठीएवढ्या डबीतून, म्हणजे एलएनबीतून. आजोबांना ऐकू येईना की ते कानामागे तळहात धरत. छत्रीचं काम तेवढंच. उपग्रहाकडून पसरत आलेला सिग्नल गोळा करून एका जागी आणायचा. म्हणून रंग उडाला, कडेला गंज चढला तरी तिचं फारसं अडत नाही. पोचा आला की मात्र अडतं. सिग्नलच्या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. पत्र्याचा बाक अर्ध्या बोटानं बिघडला तरी त्या भागातलं भलतीकडेच जातं. आणि आमच्या रत्नागिरीकडे वरून नारळ पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

२. छत्री जिकडे बघतेय असं वाटतं, तिकडे ती बघत नसते. याचा मला सगळ्यात मोठा धक्का बसला. डीडी फ्री डिशचे चॅनल ज्या जीसॅट-१५ वरून येतात, तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. आमच्या अंगणातून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागते. छत्रीचं तोंड मात्र त्याच्या निम्म्याहून थोडं वर, समोरच्या माडाकडे लागल्यासारखं. कारण घरगुती छत्री म्हणजे मोठ्या वाटोळ्या छत्रीचा एका बाजूचाच तुकडा. असा तुकडा घेतला की दांडी आणि एलएनबी वाटेत येत नाहीत, पावसाचं पाणीही साचत नाही. पण येणारा सिग्नल तोंडाच्या रोखानं न येता वीस-पंचवीस अंश वरून येतो. आमच्या आळीत एका निरपराध माडावर यापायी कोयता पडायची वेळ आली होती. आड येत होती ती मागून डोक्यावर झुकलेली फणसाची फांदी.

३. बाद झालेला एलएनबी फेकून देण्याआधी एकदा उघडून बघावा. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. ‘आता हे परत जोडून टीव्ही लागणार आहे का?’ असं ही विचारून गेली, तिकडे दुर्लक्ष केलं. पुढचं पांढरं झाकण उन्हानं इतकं कुरकुरीत झालं होतं की बोट लागताच पापुद्रे निघाले. आतल्या नळीत एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या दोन बारीक पिना. एक उभ्या लहरी टिपते, दुसरी आडव्या. आणि त्या पिनांच्या पुढ्यात कुंभारीण माशीनं मातीचं सुबक घर बांधलेलं! नळीत चिखल असताना सिग्नलनं आत शिरायचं कुठून? त्यामागे हिरव्या पट्टीवर चिनी मातीची बटणासारखी एक चकती. जुन्या एलएनबीत ही चकती ९७५० मेगाहर्ट्झचा स्वतःचा सूर धरून असते. वरून ११०९० वर आलेला सिग्नल त्यात मिसळला की फरक उरतो १३४०, आणि तोच वायरीतून खाली उतरतो. मूळचा ११०९० वायरीत सोडला तर घरात पोचेपर्यंत त्यातलं बहुतेक वायरच खाऊन टाकील. मिसळण्याआधी तो क्षीण सिग्नल वाढवायचा, आणि वाढवताना आपली खरखर शक्य तितकी कमी मिसळायची, ही खरी कसबाची जागा. बँकेत जन्मभर वजाबाक्या केल्या, पण इतकी देखणी एकही आठवत नाही.

४. वायरीतून वाहतूक दोन्हीकडून चालते. सिग्नल खाली येतो एवढंच मी धरून चाललो होतो. पण एलएनबीला वीज कोण देतं? टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स देतो, त्याच वायरीतून. शिवाय हुकूमही त्याच विजेत. १३ व्होल्ट पाठवले की उभी पिन, १८ पाठवले की आडवी. काही एलएनबींना २२ किलोहर्ट्झचा बारीक स्वर पाठवून वरचा पट्टा घे, असंही सांगता येतं. म्हणून कनेक्टर सोडवण्याआधी बॉक्सचा स्विच बंद करावा. वायरीतल्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तांब्याच्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होतं.

५. निम्मी दुखणी कनेक्टरची. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, पाणी जाळीतून वायरीत झिरपत जातं. जोडावर टेप घट्ट गुंडाळावी आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

६. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी, आणि माणसाचं मन पहिलीवरच जडतं. एक जण गच्चीवर छत्री हलवतोय, एक जण खिडकीत, मी टीव्हीसमोर, ‘आला का?’, ‘आला आला!’, ‘गेला!’ हा संवाद कोणत्या घरात झाला नसेल? मी ‘स्ट्रेंथ ऐंशी!’ म्हणून आनंदानं ओरडत होतो. वरून छत्रीवाला पोरगा म्हणाला, ‘काका, स्ट्रेंथला भुलू नका, क्वालिटी सांगा.’ क्वालिटी शून्य होती. छत्री शेजारच्या दुसऱ्याच उपग्रहावर लागली असली, तरी स्ट्रेंथची पट्टी भरलेली दिसते. आवाज मोठा आहे एवढंच ती सांगते. त्यात अर्थ किती, ते दुसरी. पोरगा दहावी नापास, हे त्यानंच हसत हसत सांगितलं. त्या दिवशी माझ्या पदवीचा विषय मी काढला नाही.

७. पावसात चित्र जातं, आणि आपल्या अंगणात एक थेंब नसतानाही जातं. आग्नेयेला काळं भरून आलं की कारण तिथे आहे. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. केबलवाल्याची ती अवाढव्य छत्री बहुधा सी-बँडची, तिच्या लांब लहरींना पावसाचं एवढं वाटत नाही. पूर्वी अँटेनावर चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही. चौकोन पडतात, आणि मग काळोख. यावर छत्री थोडी मोठी घेणं हा उपाय खरा. मुसळधार पावसापुढे तोही हात टेकतो.

८. सूर्यही आड येतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सकाळी अकराच्या आगेमागे तो आमच्याकडून पाहता नेमका जीसॅटच्या मागे येतो. छत्री दोघांचंही गोळा करते, आणि सूर्याच्या खरखरीत उपग्रहाचं बोलणं बुडतं. काही मिनिटं क्वालिटी घसरते, कधी चित्रही जातं, मग आपोआप येतं. परवाच्या मार्चमध्ये शेजारचे भाऊ बॉक्स पिशवीत घालून दुकानाकडे निघाले होते. ‘रोज अकराला बंद पडतो,’ म्हणाले. मी त्यांना चहाला बसवलं आणि साडेअकराला बॉक्स परत लावायला सांगितलं.