तीन शिट्ट्या

धामणगाव रेल्वे, १० जून

चि. बाईस,


परवा फोनवर तू रडलीस, तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. "काल सगळं येत होतं, आज काहीच नाही. लोक म्हणतात नाटकं करतो," हे तुझं बोलणं डोक्यातून जात नाही.

मे महिन्यातली इथली संध्याकाळ आठव. आपण तुझ्या लेकराला स्टेशनच्या पुलावर नेलं होतं. खालून मालगाडी धडधडत गेली, भोंगा वाजला, अन् हा कान न झाकता डबे मोजत उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची एकच शिट्टी झाली नि तो दिवाणाखाली शिरला. अर्धा तास बाहेर आला नाही. "गाडीचा भोंगा चालते, अन् शिट्टी चालत नाही?" असं घरातलं कोणीतरी बोललंच.

बाई, गाडी त्याला लांबून येताना दिसत होती. शिट्टी न सांगता आली. त्यात आदल्या रात्री लाइन गेली, कुलर बंद, लेकरू पहाटेपर्यंत तळमळत होतं. झोप नाही, अंगाला घाम, अन् वर ती शिट्टी.

अंगणवाडीत माझ्याकडे एक मुलगी होती. एखाद्या दिवशी अख्खं गाणं म्हणायची, दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसायची. "काल येत होतं, आज काय झालं?" म्हणून मी तिच्यावर ओरडत असे. चांगल्या दिवसाची शिक्षा तिला वाईट दिवशी मिळायची. ते मला अजून टोचतं. तू तसं करू नको. त्याला जमलं तो दिवस खरा, नाही जमलं तोही तितकाच खरा.

एक साधी वही कर. झोप किती झाली, पोट साफ झालं का, घरी पाहुणे होते का, दारावरून वरातीचा बँड गेला का, रोज दोन ओळी लिही. पोट कडक झालं, कान दुखला, दात दुखला, तरी ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातूनच दिसतं. वाईट दिवसाचा व्हिडिओही मोबाइलवर ठेव. डॉक्टरांपुढे दहा मिनिटं तो शहाण्यासारखा बसला, तर त्यांना कळणार कसं? मात्र येत असलेले शब्द गेले, किंवा टक लावून बसला अन् हाकेला, हात लावल्यालाही दाद देईना, तर वहीत लिहीत बसू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. २०१३ पासूनची योजना आहे, वाढीतला उशीरही ते बघतात, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्या दिवशी त्याला घरी ठेवू नको. निदान स्वमग्नतेचं निघालं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते येतं. प्रमाणपत्र काढायची लाज कसली? आपल्याच जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला मोठं वाटतं ते नाव देणंच. आपल्या लेकराला तर सख्खा बाप आहे. जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव, अन् लोकांना उत्तर त्यांनाच देऊ दे, तू एकटी किती जणांना पुरशील?

जेवणावरून झगडू नको. वरणात सांबाराचं पान दिसलं की ताट ढकलतो ना? सांबार वेगळ्या वाटीत ठेव. हात लावला तर लावू दे, नाही तर वाटी उचलून घे. बनियन उलटी घालून दे, शिवण टोचणार नाही.

अन् कुकर लावलास की त्याला आधी जवळ बोलाव. तीन बोटं दाखव, "तीन शिट्ट्या होतील," म्हण. प्रत्येक शिट्टीला एक बोट मिटू दे त्याला. पण मग तीनच होऊ दे बाई. डाळ कच्ची राहिली तरी चालेल, चौथीच्या आधी गॅस बंद कर.

तुझी
आत्या