अंगणाची आखणी : फरशीच्या आधी काय पाहावे?

घर बांधताना आपण स्वयंपाकघर, माजघर, न्हाणीघर यांचा बारकाईने विचार करतो. अंगण मात्र उरलेली जागा म्हणून शेवटी गवंड्याच्या हाती सोपवतो. आमच्या बेळगावच्या घरामागचे अंगण नव्याने करण्याचे ठरले, तेव्हा स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आखणीचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे मुद्दे ध्यानात आले, ते येथे क्रमाने मांडतो.

१. उपयोग : ‘फरशी कोणती?’ हा प्रश्न सर्वांत शेवटचा. आधी अंगणात कोण, केव्हा, काय करणार याची यादी करावी. आमच्याकडे आजीला वाळवणासाठी ऊन हवे, बाबांना संध्याकाळी चार खुर्च्या मांडण्यापुरती जागा हवी आणि आईला तुळशीभोवती फिरण्याइतकी मोकळीक. जागा मात्र १५ × २० फूट. मधे लहान मेज ठेवून चार खुर्च्या मांडायच्या, तर त्या मागे सरकवण्यासह सुमारे १० × १० फूट लागतात. येण्याजाण्याची वाट ३ फूट तरी हवी. कागदावर हे सारे बसते, जमिनीवर बसेलच असे नाही. म्हणून फक्कीने रेषा आखाव्यात, खुर्च्या प्रत्यक्ष मांडाव्यात आणि आठवडाभर तसेच वावरून पाहावे.

२. ऊन : मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुढे तो पश्चिमेकडे कलला, की घराची सावली पूर्वेला पडू लागते. आमचे अंगण घराच्या पूर्वेस आहे. म्हणून बैठक घराच्या भिंतीलगत घेतली आणि वाळवणाची बाज पलीकडच्या टोकाला. अंगण पश्चिमेस असेल, तर बैठकीसाठी मांडव किंवा झाड यांचा विचार आधीच करावा लागेल.

३. पाणी : हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १५ × २० फुटांवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे २८० लिटर पाणी होते. बाबांच्या मनात सगळे अंगण गुळगुळीत टाइल्सने मढवायचे होते. आजी म्हणाली, “अरे, सगळंच बुजवलंस तर आडाला पाणी कुठनं येणार?” या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. शेवटी बैठक आणि १० फूट लांबीची वाट मिळून १३० चौरस फूटच फरशी घालायची ठरली. उरलेली १७० चौरस फूट माती मोकळी राहिली. फरशीला घरापासून बाहेरच्या दिशेने, दर ५ फुटांस १ इंच असा उतार दिला, म्हणजे पाणी भिंतीशी न थांबता मातीत जाते.

४. पाया आणि दगड : काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर थेट घातलेली फरशी वरखाली होते. अशी माती काढून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मसाने नीट ठोकावा आणि वर वाळूचा थर द्यावा. दगड आम्ही शहाबादी निवडला, तोही पॉलिश न केलेला. पावसाळ्यात शेवाळ धरले, की गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि म्हाताऱ्या माणसाचे एक पडणेही महागात जाते. सांधे सिमेंटने न भरता वाळूने भरले, तर तेथूनही थोडे पाणी मुरते.

काम उरकल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते कोठे साचत असेल, तर तो दगड त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवावा.

थोडक्यात, आधी माणसे, मग ऊन, मग पाणी आणि अखेरीस दगड, हा क्रम पाळावा. लहान अंगणातही सर्वांच्या वाट्याला काही ना काही येते, आणि आडाच्या वाट्यालाही.