पतंगाच्या रचनेतून शिक्षण
(इयत्ता चौथी ते सातवी)

पौष महिन्यात आपल्या जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कुटुंबे कारखान्यांवर गेलेली असतात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा विरळ झालेल्या वर्गांना एकत्र बसवून देण्याजोगा पाठ म्हणजे पतंग. तो विकत आणावयाचा नसून मुलांनी स्वतः करावयाचा, उडवून पाहावयाचा व सुधारावयाचा आहे.

साहित्य : बुरडाकडील कळकाच्या पातळ कामट्या, जुने वर्तमानपत्र, खळ, सुती दोरा, चिंध्या.

कृती : उभी कामटी ६० सें.मी. व आडवी ५० सें.मी. घ्यावी. आडवी कामटी बोटावर तोलून मध्य शोधावा. एक बाजू जड भरल्यास तासावी. वरच्या टोकापासून १५ सें.मी. अंतरावर दोन्ही काटकोनात बांधून, टोकांवरून दोरा फिरवून कागद चिकटवावा. उभ्या कामटीस वर व खाली बांधलेल्या सैल दोऱ्याच्या गाठीस उडविण्याचा दोरा जोडावा. क्षेत्रफळ वरच्या वर्गाने कर्णांच्या गुणाकाराच्या निम्म्याने (१५०० चौ.सें.मी.) काढावे, लहानांनी चौकटी मोजाव्यात.

चाचणी : पतंग गिरक्या घेत असल्यास शेपूट वाढवावे, शेपटीच्या भाराने चढत नसल्यास कमी करावे. एकाच बाजूस कलत असल्यास तोल पुन्हा पाहावा. जोराने ओढूनही वर जात नसल्यास गाठ किंचित वर, पुढे झुकून फडफडत असल्यास खाली सरकवावी. एका वेळी एकच बदल करावा. परिणाम काय होईल हे मुलाने आधी वहीत लिहावे व मगच दोरा सोडावा. विल्बर राइट यांनीही पंख पिळून तोल सांभाळण्याची कल्पना प्रथम १८९९ मध्ये पतंगावरच पडताळली. यंत्रबळावरील विमान १९०३ मध्ये उडाले.

दक्षता : विजेच्या तारा, विहिरी व छपरे यांपासून दूर, मोकळ्या माळावरच प्रयोग करावा. नायलॉनचा मांजा वापरू देऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

शिक्षकांस सूचना : न उडणारा पतंग शिक्षकांनी आपल्या हाताने दुरुस्त करून देण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी "तो कोणीकडे कलला?" एवढेच विचारावे. वाचनात मागे असलेले मूलही येथे नेमके उत्तर देऊ शकते व त्याचे म्हणणे वर्ग ऐकतो. गुण उंचीस न देता नोंदींस द्यावेत. वह्या जपून ठेवाव्यात. हंगाम संपून परतलेल्या मुलांना त्यांच्या सोबत्यांनीच त्यांवरून हा पाठ शिकवावा.