ओरोटावाचे वनस्पती उद्यान : इतिहास आणि बोध

अटलांटिक महासागरातील टेनेरिफ या स्पॅनिश बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, प्वेर्तो दे ला क्रूझ येथे, ओरोटावाचे वनस्पती उद्यान आहे. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेने १७८८ मध्ये त्याचा पाया घातला गेला. उष्ण प्रदेशांतील वनस्पती प्रथम येथील सौम्य हवामानात रुळवाव्यात आणि नंतर माद्रिद व अरान्हुएझ येथील शाही उद्यानांत न्याव्यात, अशी योजना होती. बेटावर त्या फोफावल्या; मुख्य भूमीवरील कडक हिवाळ्यात मात्र तगल्या नाहीत.

मधल्या मुक्कामाने वनस्पतीचे आनुवंशिक गुण बदलत नाहीत. थंडी सोसण्याची आनुवंशिक क्षमता वाणाची निवड व पैदास यांतून वाढविता येते.

योजना फसली, तरी उद्यान टिकले. सुमारे दोन हेक्टर क्षेत्रात विविध ताडवर्गीय वृक्ष, अननसाच्या कुळातील वनस्पती आणि मूळच्या लॉर्ड हाऊ बेटावरील जातीचा, पारंब्यांचे खांब झालेला प्रचंड वृक्ष पाहावयास मिळतो. व्यवस्थापन कॅनरी बेटांच्या कृषी संशोधन संस्थेकडे आहे.

नवे फळपीक निवडताना हा इतिहास स्मरावा. रोपवाटिकेतील तजेला हा शिवारातील यशाचा पुरावा नव्हे. आपल्या भागातील किमान व कमाल तापमान तपासावे, मोजकी झाडे लावून सर्व ऋतूंत त्यांचे निरीक्षण करावे आणि मगच क्षेत्र वाढवावे.