प्रसूतिकक्षातून संघटनेकडे : परिचारिकेच्या स्वयंसेवी नेतृत्वाची वाटचाल

आरोग्यसेवेच्या नियोजनाची चर्चा होते तेव्हा खाटांची संख्या, डॉक्टरांची रिक्त पदे, यंत्रसामग्री आणि औषधखरेदी या बाबींचा विचार प्राधान्याने होतो. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असणाऱ्या परिचारिकेचा विचार मात्र बहुधा मनुष्यबळाच्या तक्त्यातील एक आकडा म्हणूनच केला जातो. तिच्या अनुभवातून निर्माण होणारे ज्ञान धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर त्याला एक निश्चित मार्ग हवा. परिचर्येतील एखाद्या विशेष शाखेची व्यावसायिक संघटना आणि त्या संघटनेत विनामोबदला काम करणारे नेतृत्व हा असा मार्ग आहे. प्रसूतिसेवा ही शाखा समोर ठेवून आणि छत्तीसगडमधील सुपेला या वस्तीचा संदर्भ घेऊन या मार्गाचा येथे अभ्यास केला आहे.

सुपेला : औद्योगिक नगराची दुसरी बाजू

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर आखीव-रेखीव सेक्टरांची वसाहत वसली आणि सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे मोठे रुग्णालय उभे राहिले. रोजगाराच्या शोधात देशाच्या विविध भागांतून लोक येथे आले. मराठी कुटुंबेही त्यांत होती. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशाशी मराठी भाषकांचे नाते आहेच.

सुपेला हा या नियोजित वसाहतीबाहेर, ग्रेट ईस्टर्न रोडच्या आधाराने वाढलेला भाग आहे. दुकानदार, हातगाडीवाले, कंत्राटी कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची येथे दाट वस्ती आहे. ज्यांना कारखान्याच्या वैद्यकीय सुविधेचा हक्क नाही, अशा कुटुंबांना सुपेल्यातील लाल बहादुर शास्त्री शासकीय रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय यांचाच आधार असतो. वस्तीतील गरोदर स्त्रीला दवाखान्यापर्यंत आणण्याचे काम ‘मितानिन’ करते. मितानिन म्हणजे मैत्रीण. छत्तीसगडने २००२ मध्ये सुरू केलेली ही योजना २००५ नंतर देशभर राबविलेल्या ‘आशा’ योजनेस प्रेरक ठरली. मितानिन ज्या दारापर्यंत स्त्रीला पोहोचविते, त्या दाराच्या आत तिची जबाबदारी परिचारिकेवर येते.

आकड्यांचा अर्थ

नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात भारतातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते. छत्तीसगडमध्ये ते १३७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळमध्ये १९ होते. शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत जागतिक प्रमाण ७० च्या खाली आणावयाचे आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेमुळे रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण झपाट्याने वाढले. आता प्रश्न उरतो तो रुग्णालयात पोहोचलेल्या स्त्रीला तेथे मिळणाऱ्या सेवेच्या दर्जाचा. हाच विचार करून केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तावाढीसाठी ‘लक्ष्य’ हा उपक्रम सुरू केला. दर्जा सुधारण्याचे काम मात्र परिपत्रकाने पूर्ण होत नाही. ते त्या कक्षात रात्रपाळी करणाऱ्या व्यक्तींना करावे लागते.

एका प्रश्नापासून प्रारंभ

स्वयंसेवी नेतृत्वाचा उगम बहुधा एखाद्या पदात नसतो, तर रोजच्या कामात पडलेल्या प्रश्नात असतो. उदाहरणादाखल अशी कल्पना करू या की, सुपेल्यासारख्या वस्तीतील एका प्रसूतिकक्षात एक अधिपरिचारिका काम करीत आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, हे तिला प्रशिक्षणात शिकविलेले असते. ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेल्यास तो अतिरक्तस्राव समजावा, ही व्याख्याही तिला पाठ असते. परंतु किती रक्त गेले हे कक्षात नजरेच्या अंदाजाने ठरविले जाते. हा अंदाज पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो आणि उपचारास विलंब होतो. तिच्या मनात प्रश्न येतो : आपण हे मोजत का नाही?

मोजण्याची साधी रीत उपलब्ध आहे. रक्ताने भिजलेले कापड व पॅड यांचे वजन करावे, त्यातून कोरड्या अवस्थेतील वजन वजा करावे. एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर रक्त असे धरावे. याहून सोयीचे साधन म्हणजे बाळ जन्मल्यावर स्त्रीच्या खाली पसरावयाची, खुणा असलेल्या पिशवीची प्लास्टिकची चादर. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मोजमापाची चादर आणि गर्भाशयाची मालिश, गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध, ट्रानेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव, तपासणी असे उपचार एकत्रितपणे वापरल्यावर गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णालयांत प्रचलित पद्धत चालू होती, तेथे अतिरक्तस्रावाची सुमारे निम्मीच प्रकरणे वेळीच ओळखली गेली. नव्या पद्धतीत हे प्रमाण ९३ टक्के होते.

आपल्या कक्षात तीन महिने अशी मोजणी करून तिची नोंद ठेवणारी परिचारिका नेतृत्वाची पहिली पायरी चढलेली असते. तिच्याजवळ आता तक्रार नाही, पुरावा आहे. परिसेविका आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासमोर ती तो मांडू शकते. तथापि, तिची बदली झाली की वही कपाटात जाते आणि शेजारच्या रुग्णालयाला त्या कामाचा पत्ताही नसतो. एका व्यक्तीचा अनुभव सर्वांचा करण्यासाठी संघटना लागते, ती येथे.

संघटनेचा वारसा

भारतातील परिचारिकांना संघटनकार्याची शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. १९०५ मध्ये लखनौ येथे परिचर्या अधीक्षिकांची संघटना स्थापन झाली आणि त्यातून १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा पाया घातला गेला. हीच आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया होय. १९१० पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. प्रशिक्षणाचा दर्जा देशभर समान असावा, यासाठी परिचारिकांनी दीर्घकाळ आग्रह धरला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने त्याला कायद्याचे रूप मिळाले. २०२३ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम संमत केला.

सर्वसाधारण संघटनेबरोबर विशेष शाखांच्या संघटनाही आकाराला आल्या. २००० साली आंध्र प्रदेशात सोसायटी ऑफ मिडवाइव्ज, इंडिया ही प्रसविकांची संस्था स्थापन झाली. प्रसूतिसेवेला परिचर्येतील स्वतंत्र व्यावसायिक ओळख मिळावी, ही तिची भूमिका होती. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसविका-सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि प्रशिक्षित परिचारिकांसाठी अठरा महिन्यांच्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ अभ्यासक्रमाची तरतूद केली.

अशा संघटनांचे वजन आंतरराष्ट्रीय पातळीवरही जाणवते. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्रावाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्या प्रकाशकांत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाबरोबर प्रसविकांचा आंतरराष्ट्रीय महासंघही होता. ५०० मिलिलिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर रक्त गेले असेल आणि नाडी वा रक्तदाब बिघडला असेल तर तत्काळ उपचार सुरू करावेत, असे त्यांत सांगितले आहे. प्रसूतिकक्षातील वहीत पडलेला प्रश्न आणि हे जागतिक मार्गदर्शन यांत अंतर पुष्कळ आहे. पण दोहोंचा विषय एकच आहे, आणि मधले अंतर संघटित परिचारिकांनीच काही अंशी कापले आहे.

नेतृत्वाचे टप्पे

या वाटचालीचे साधारणपणे पाच टप्पे दिसतात.

पहिला टप्पा सदस्यत्वाचा. वर्गणी भरणे, नियतकालिक वाचणे, शाखेच्या सभेस उपस्थित राहणे एवढेच त्यात अपेक्षित असते. विद्यार्थिदशेत हा परिचय झाल्यास उत्तम. त्यासाठीच १९२९ पासून विद्यार्थी परिचारिकांचा विभाग अस्तित्वात आहे.

दुसरा टप्पा मांडणीचा. आपल्या कक्षातील नोंदी दहा मिनिटांत इतरांसमोर मांडता आल्या पाहिजेत. रुग्णाची ओळख उघड होऊ नये आणि आवश्यक तेथे रुग्णालयाची लेखी अनुमती घ्यावी, हा दंडक येथे पाळावा लागतो.

तिसरा टप्पा छोट्या जबाबदारीचा. कार्यशाळेची नोंदणी, सभेचे इतिवृत्त, प्रशिक्षणाच्या साहित्याची जमवाजमव ही कामे किरकोळ वाटतात. परंतु संघटना कशी चालते, हे त्यांतूनच समजते. इतिवृत्त नीट लिहिणारी सदस्या पुढे सचिव म्हणून यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते.

चौथा टप्पा समितीचा. येथे अर्थसंकल्प, लेखापरीक्षण, निवडणूक आणि मतभेद यांच्याशी गाठ पडते. वैयक्तिक मत बाजूला ठेवून सभेचा निर्णय अमलात आणण्याची सवय येथे लागते. वॉर्डात आदेश देता येतो. स्वयंसेवकांना मात्र पटवून द्यावे लागते.

पाचवा टप्पा प्रतिनिधित्वाचा. राज्य परिचर्या परिषद, आरोग्य विभाग किंवा विद्यापीठ यांच्यापुढे आपल्या शाखेची बाजू मांडणे हे त्याचे स्वरूप. या टप्प्यावरील सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या दोन-तीन जणींना तयार करणे. तेच पदाधिकारी वर्षानुवर्षे राहिले तर संघटना व्यक्तीवर अवलंबून राहते आणि तिच्याबरोबर थांबते.

वास्तव आणि अडचणी

हा मार्ग सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या, घरचे स्वयंपाकपाणी व मुलांचे शिक्षण सांभाळणाऱ्या स्त्रीने हे काम केव्हा करावे, हा रास्त प्रश्न आहे. रात्रपाळी संपवून सकाळच्या सभेला बसणारी परिचारिका झोपेच्या मोलाने नेतृत्व करीत असते. कंत्राटी परिचारिकेची अडचण आणखी मोठी असते; बोलल्यास नूतनीकरण होणार नाही, ही धास्ती तिला गप्प ठेवते. राजधानीत होणाऱ्या परिषदांचा प्रवासखर्च पदरमोड करून करावा लागतो. परिणामी, संघटनांची सूत्रे पुष्कळदा शिक्षिका आणि वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे राहतात, आणि प्रत्यक्ष कक्षातील अनुभव मागे पडतो.

शासकीय सेवेतील परिचारिकेने आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. मानसेवी स्वरूपाचे काम आणि निवडणुकीने मिळणारे पद यांबाबत सेवावर्तणुकीचे नियम वेगवेगळे असू शकतात. म्हणून आपल्या राज्याचे नियम पाहून, गरज असल्यास पूर्वपरवानगी घेऊनच पद स्वीकारणे हितावह ठरते.

काय करता येईल?

यातील काही उपाय फारसे खर्चिक नाहीत. संघटनेच्या कामासाठी वर्षाकाठी ठरावीक दिवसांची कर्तव्यरजा देता येईल. निरंतर शिक्षणाच्या तासांत कार्यशाळा घेण्याच्या व नोंदी मांडण्याच्या कामाचा समावेश करता येईल. जिल्हा पातळीवर तीन महिन्यांतून एकदा, पाळ्या लक्षात घेऊन ठरविलेल्या वेळी बैठक भरविल्यास राजधानीच्या प्रवासाची गरज कमी होईल. दुर्ग-भिलाई परिसरात शासकीय रुग्णालये, कारखान्याचे रुग्णालय आणि परिचर्या महाविद्यालये जवळजवळ आहेत. एकाच विषयाची नोंद सर्वांनी एकाच नमुन्यात ठेवली, तर अशा परिसरात मोठ्या अनुदानाशिवायही उपयुक्त अभ्यास उभा राहू शकतो. कार्यकारिणीत प्रत्यक्ष रुग्णसेवेतील आणि कंत्राटी परिचारिकांसाठी काही जागा राखून ठेवणे, हे तर संघटनांच्याच हाती आहे.

मातामृत्यूच्या बाबतीत छत्तीसगडला महाराष्ट्राइतका टप्पा गाठावयाचा असेल, तर इमारती व औषधे यांच्या जोडीला प्रसूतिकक्षातील निरीक्षणही निर्णयप्रक्रियेत आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक परिचारिकेने अध्यक्ष होण्याची आवश्यकता नाही. आपल्या कक्षातील एक गोष्ट मोजावी, ती प्रामाणिकपणे लिहून ठेवावी आणि सहकाऱ्यांच्या सभेत वाचून दाखवावी, एवढे पुरेसे आहे. पुढच्या पाळीतील परिचारिकेला त्या नोंदीचा उपयोग झाला आणि एका स्त्रीचा रक्तस्राव वेळीच लक्षात आला, तर या नेतृत्वाचे प्रयोजन साध्य झाले, असे म्हणता येईल.