सोळा घरं भरून पाहा

एका मे महिन्यात एक जोडपं आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आलं. मुलगी तबला शिकत होती, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली होती, आणि दोन महिन्यांपासून लॅपटॉपवर काहीतरी 'चौकोन-चौकोन' करत बसायची. वडील काकुळतीला येऊन म्हणाले, "सर, सीईटीचं वर्ष तोंडावर आलंय आणि हिला हा नाद लागलाय."

मी मुलीला म्हटलं, "दाखव बघू." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन आडव्या ओळी, प्रत्येकीत सोळा घरं. पहिली ओळ 'ना'ची, दुसरी 'तिं'ची, तिसरी डग्ग्याच्या 'गे'ची. घर भरलं की ठोका, रिकामं ठेवलं की शांतता. एक उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या घरावर येते. तिने त्रिताल मांडला होता. 'धा' म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतलं घर एकदम भरलेलं, 'धिं' म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची चार घरं मोकळी. "सर, क्लासमध्ये जे हाताला कळायचं, ते इथे डोळ्यांना दिसतं," ती म्हणाली.

या यंत्राला ड्रम मशीन म्हणतात. जपानच्या रोलँड कंपनीने 1980 मध्ये टीआर-808 बाजारात आणलं, त्याच्या पुढच्या बाजूला अशीच सोळा बटणं एका रांगेत होती. लाल, केशरी, पिवळी, पांढरी. रंग चार-चारच्या गटांत. त्रितालाचे चार विभाग ज्याने मोजलेत त्याला ती रांग ओळखीचीच वाटेल. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी कान टवकारले. आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचे, मग रेडिओ. पालकांना मी हे आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे वाट एकदा ठरली की ठरली, असं धरून चालायची सवय आहे.

आता मुद्द्याचं. त्या मुलीने दोन महिन्यांत काय केलं, ते नीट समजून घ्या.

पहिली अडचण तिला वेळेची आली. मिनिटाला 120 ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे एका घराला 125 मिलिसेकंद. हिशेब सोपा आहे, पाचवीतलं पोरही करील. तिने ब्राउझरला सांगितलं, दर 125 मिलिसेकंदांनी पुढचं घर वाजव. वाजलंही, पण लय लंगडायची. ब्राउझरचा साधा टायमर इतर कामांत गुंतला की थोडा उशिरा जागा होतो. पानावर रंग बदलायचे असतात, मेमरी साफ करायची असते. डोळा इतका उशीर माफ करतो, तबल्यावर बसलेला कान करत नाही. चार दिवस तिला वाटत होतं की आपलंच गणित चुकतंय. मग तिला कळलं की संगणकात आवाजासाठी वेगळं, फार काटेकोर घड्याळ असतं. तेव्हा तिने रचना बदलली: साधा टायमर दर 25 मिलिसेकंदांनी उठतो, पुढच्या 100 मिलिसेकंदांत कोणते ठोके येणार आहेत ते पाहतो, आणि ते आवाजाच्या घड्याळाकडे वेळेसह आधीच नोंदवून ठेवतो. टायमर थोडा चुकला तरी ठोका चुकत नाही. साथीदारही समेची वाट पाहत हात वर धरून बसत नाही, सम कुठे येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं.

दुसरी अडचण रूपक तालाची. मात्रा सात. तिने कोडमध्ये जागोजागी 16 हा आकडा लिहून ठेवला होता. तो बदलायला गेली तर एके ठिकाणी राहून गेला, आणि पट्टी सातव्या घरानंतर नसलेल्या आठव्या घरात जाऊन अडकायची. एक संध्याकाळ त्यात गेली. शेवटी तिने मात्रांची संख्या एकाच जागी ठेवली आणि बाकी सगळीकडे तिचाच आधार घेतला. मग झपतालाच्या दहा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा तिला दोन मिनिटांत मिळाल्या. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात फळ्यावर लिहून शिकवलेली ही गोष्ट कित्येक मुलांच्या अंगात तिसऱ्या वर्षापर्यंत उतरत नाही. हिच्या एका संध्याकाळीत उतरली, कारण रूपक तिला खरोखर ऐकायचा होता.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. शाखा निवडण्याआधी मुलाला असं एक छोटं यंत्र पूर्ण करू द्या, आणि तो कुठे रमतो ते बघा. कल चाचणीच्या कागदापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

लंगडी लय ज्याला झोपू देत नाही, त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि एम्बेडेड सिस्टिम्सचं क्षेत्र आहे. गाडीचे ब्रेक असोत की रुग्णालयातला मॉनिटर, तिथलं सॉफ्टवेअर वेळेवर उत्तर देण्यावरच चालतं. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा हीसुद्धा तिथे जाणारी चांगली वाट आहे, तिला कमी लेखू नका. घरं कशी दिसावीत, बोट कुठे पडेल, रंग कोणता, यात जो हरवतो त्याने डिझाइनचा विचार करावा. त्यासाठीची यूसीड परीक्षा आयआयटी मुंबई घेते. आणि एखादं मूल ठेका सोडून डग्ग्याचा आवाज घडवण्यातच आठवडा घालवतं, त्यातला घुमारा कमी-जास्त करत बसतं. ते मूल ध्वनीचं आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंरचनेचा अभ्यासक्रम आहे. तिथे पदवीनंतर प्रवेश मिळतो आणि बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं, म्हणून अकरावीत तो विषय सोडण्याआधी दहादा विचार करा आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. आयआयटी मुंबईत हिंदुस्थानी संगीताचं संगणकाने विश्लेषण करण्यावर संशोधन होतं, तिथे जायचं तर गणित पक्कं हवं. काही मुलं कोड झटपट उरकतात आणि मग तासन्‌तास फक्त घरं भरत, ऐकत बसतात. त्यांना गुरू शोधून द्या.

पालकांनो, पैशांचं म्हणाल तर वेगळा खर्च जवळपास नाही. घरातला जुना लॅपटॉप आणि ब्राउझर पुरतो. ब्राउझरसाठी कोड लिहिण्याइतकी तयारी नसेल तर सॉनिक पाय हे मोफत सॉफ्टवेअर लहान मुलांनाही जमतं. हजारोंची फी घेऊन 'म्युझिक कोडिंग'चं प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मित्राच्या मुलाने केलेलं यंत्र उतरवून घेतलं तरी उपयोग नाही, कारण त्यात अडायचा भाग दुसऱ्यानेच अडून संपवलेला असतो. वेळ मात्र आखून द्या. परीक्षेच्या वर्षात शनिवार-रविवारचे दोन-दोन तास पुष्कळ झाले. त्या मुलीच्या आई-वडिलांशीही आम्ही हेच ठरवलं, आणि लॅपटॉप काढून घ्यायचा विचार त्यांनी सोडला.

तिने सीईटी दिली. अर्जात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार ही शाखा पहिली भरली, आणि तबल्याचा क्लास चालू ठेवला. ती शाखा तिने स्वतः निवडली, मी फक्त कारण विचारलं होतं. "ते घड्याळ मला आतून कसं चालतं ते बघायचंय," असं तिने सांगितलं.

विद्यार्थी मित्रा, उद्या वहीच्या पानावर तीन ओळी आणि सोळा घरं आख. तुला येतो तो कुठलाही ठेका त्यात पेन्सिलीने भर, टाळी देऊन म्हणून बघ, मग संगणकापुढे बस. आणि आई-बाबांनो, त्याने पहिलं आवर्तन वाजवून दाखवलं की हातातला मोबाइल बाजूला ठेवा, पूर्ण ऐका, आणि मार्कांबद्दल काही न बोलता एवढंच विचारा: "कुठे अडलं होतं रे?"